नंदीचा डोळा

खेळण्यांतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या धाराशिवात कुणाला कळत नाही, असं मी परवापरवापर्यंत म्हणायची. मनातल्या मनात नाही, तोंडानं म्हणायची. मी इथं एका कनिष्ठ महाविद्यालयात बालविकास शिकवते. 'लहान मुलांची खेळणी कशी निवडावीत' या विषयावर माझं एक भाषण तयार आहे. ते मी महिला मंडळांत दिलंय, बचत गटांत दिलंय, एकदा एका साखरपुड्यातही दिलंय. साखरपुड्यात कुणी मागितलं नव्हतं, पण नवरदेवाची गाडी यायला उशीर होता आणि समोर बायका आयत्या बसलेल्या होत्या.

माझ्या पर्समध्ये पुठ्ठ्याची एक नळी असते. टिश्यू पेपरची गुंडाळी संपली की आत उरते ना, तीच. जे खेळणं किंवा खेळण्याचा तुटलेला तुकडा त्या नळीतून आरपार जातो, तो तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात द्यायचा नाही. नळीतून गेला तो घशातही जातो. नियम सोपा आहे आणि खराही आहे. आता हा नियम बरोबर असूनसुद्धा माझं जे झालं ते झालं, हीच तर अडचण आहे.

माझे यजमान वैजनाथ कृषी खात्यात आहेत. कमी बोलतात. मात्र ते एकदा म्हणाले होते, "महानंदा, ती नळी खेळण्यांसाठी आहे. तू ती डोळ्याला लावून माणसं बघायला लागलीस." मी ते बोलणं मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

माझी धाकटी बहीण शिवरंजनी सास्तूरला दिलीय. तिच्या नवऱ्याचं, बसवेशचं, बी-बियाणांचं दुकान आहे. सासरे शरणबसप्पा, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. सासू शिवम्मा, त्या सगळ्यांच्या अव्वा. अव्वांचं माहेर आळंदकडचं. त्या मराठी छान बोलतात, पण रागावल्या की कानडीत जातात आणि फारच रागावल्या की गप्प बसतात. हे मला शिवरंजनीनं लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. "अक्का, कानडीत बोलल्या तर भिऊ नको. गप्प बसल्या की भी."

तर शिवरंजनीच्या योगीराजचा पहिला वाढदिवस होता. आम्ही सकाळीच निघालो. माझ्यासोबत मी निवडलेली भेट होती. लाकडी चकत्यांचा मनोरा. कडा गोल घासलेल्या, रंग चाटला तरी चालेल असा, आणि एकही चकती नळीतून जात नव्हती. मी तीन-तीनदा घालून बघितली होती.

सास्तूरला पोचलो तर दारात मांडव, मांडवात सतरंज्या, परसात मोठ्या पातेल्यात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, रटरटतेय, आणि दारातल्या लिंबाच्या झाडाला भोंगा बांधलेला. भोंग्याचं तोंड थेट एसटीच्या थांब्याकडं. अप्पांचे दोस्त रामकिसन माईक हातात घेऊन बसले होते. कुणी आहेर आणला की ते पुकारायचे. "वाण्याच्या दुकानासमोरच्या कडूबाईकडून बाळाला एक पोपट!"

कडूबाई म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या. त्यांचा पोपट रबराचा होता आणि दाबला की पीं वाजायचा. मी तो हातात घेतला. खरं सांगते, वाईट हेतू नव्हता. मी फक्त पोटाखालची शिट्टी नखानं उचकली. ती निघाली. नळीत टाकली, खालून पडली.

"बघितलंत?" मी म्हणाले.

"काय?" कडूबाई म्हणाल्या.

"ही शिट्टी बाळाच्या घशात जाईल."

कडूबाईंनी पोपट दाबला. तो नुसता फुस्स झाला. "माझा पोपट मेला की गं," त्या म्हणाल्या.

मागच्या बायका म्हणाल्या, नीट ऐकू येत न्हाय. इथं माझी पहिली चूक झाली. मी रामकिसनकाकांच्या हातातून माईक घेतला.

माईक हातात आला की माझं काही खरं नसतं. मी एकेक आहेर उचलायला लागले. एका मोटारीची चाकं ओढली की निघत होती. एका डफड्याला गळ्यात अडकेल एवढी लांब दोरी होती. रामकिसनकाकांनी स्वतः आगगाडी आणली होती, तिच्या सेलच्या झाकणाला स्क्रूच नव्हता. मी माईकवर सांगितलं, की असा बारका गोल सेल गिळला तर थोड्याच वेळात आतून अन्ननलिका जळते, म्हणून झाकणाला स्क्रू असल्याशिवाय खेळणं घ्यायचं नाही. अक्षर न अक्षर खरं.

"आवो बाई," रामकिसनकाका म्हणाले, "मी त्याला आगगाडी दिली. तुमी तर विष दिल्यासारखं बोलाया लागल्या."

"मी तुम्हाला नाही, आगगाडीला बोलतेय," मी म्हणाले. तेही माईकवर. सगळ्या गावानं ऐकलं.

शिवरंजनी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे करत होती. मला वाटलं, कौतुकानं बघतेय. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अक्का, जेवायला चल."

"झालंच, एवढं संपवते."

मग शेवटी अव्वा उठल्या. नव्या खणात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी योगीसमोर ठेवली आणि खण सोडला. आत कापडाचा नंदी होता. जुन्या इरकल साडीचा, पाठीवर काठ आलेला, काळ्या कापडाची शिंगं, पोटात कापूस ठासून भरलेला. आणि डोळे पितळेचे. दोन गोल, चकचकीत बटणं. योगीनं शिंग धरलं आणि तो मोठ्यानं हसला. सगळ्या आहेरांत तो त्या एकाच वस्तूला हसला होता. अव्वांनी आजूबाजूला बघितलं, सगळ्यांना दिसलं ना म्हणून.

आणि मी माईक तोंडाशी नेला.

"अव्वा, वाईट वाटून घेऊ नका. हौस वेगळी आणि सुरक्षितता वेगळी. बटणाचे डोळे हा लहान मुलांच्या खेळण्यातला सगळ्यात मोठा धोका. मूल ओढतं, डोळा हातात येतो, हातातला तोंडात जातो. बघा." असं म्हणून मी नंदी उचलला आणि डोळा ओढला.

डोळा आला नाही.

मी परत ओढला. नंदी माझ्या दिशेनं आला, डोळा जागेवरच. योगी आपला नंदी कुठं चालला म्हणून बघत होता.

"लई पक्का बसलाय," रामकिसनकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात मला समाधान वाटलं.

"रोज ओढलं की ढिला होतो," मी म्हणाले.

"म्हणजे आज होत नाही," वैजनाथ शेजारून म्हणाले. "खाली ठेव."

तिथं ठेवला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मांडवभर माणसं बघत होती, आणि भाषण अर्धं झालं होतं. उदाहरण दाखवतो म्हणायचं आणि दाखवता आलं नाही तर भाषणाचं वजन काय राहतं? मी नंदी दोन्ही हातांत घट्ट धरला, माईक काखेत दाबला, आणि डोळ्याचा दोरा दातांत पकडला. पितळेवर दात घासल्याचा कर्रकर्र आवाज भोंग्यातून एसटीच्या थांब्यापर्यंत गेला. लोक म्हणतात, बसमधून उतरणारी एक बाई परत बसमध्ये चढली.

दोरा तटकन तुटला. मी मान वर केली.

"बघितलंत? आला हातात," मी म्हणाले आणि तळवा उघडून दाखवला.

तळव्यात काही नव्हतं.

तोंडात बघितलं, जिभेनं चाचपलं, नाही. सतरंजीवर बघितलं, नाही. सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली गेल्या. सतरंजीवर योगी बसला होता आणि तोंड हलवत होता. काहीतरी चावत होता.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. घशात न बघता बोट घालायचं नाही, त्यानं वस्तू आणखी खाली जाते, हे माझ्याच भाषणातलं वाक्य आहे. मी बोट घातलं. योगीनं ते कडकडून चावलं. बोटाला लागला भिजलेल्या चुरमुऱ्यांचा लगदा. योगीनं भोकाड पसरलं. रडणाऱ्या मुलाचा श्वास चालू असतो, हेही माझ्याच भाषणात आहे, पण त्या वेळी ते आठवून कुणाला धीर आला नाही. बटण त्याआधीच पोटात गेलं असलं तर?

शिवरंजनीनं लेकराला छातीशी धरलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बसवेशनं दुकानाची पिकअप काढली. निघायच्या आधी अप्पांनी माईक उचलला. ते शांतपणे म्हणाले, "मंडळी, जेवायची घाई करू नका. जे बसलेत त्यांनी सावकाश चावा. नंदीचा एक डोळा हरवलाय. पितळी हाय." आणि ते गाडीत येऊन बसले. मागं बघितलं तर रामकिसनकाका बाह्या सारून हुग्गीच्या पातेल्याशी उभे होते आणि पळी घालून तळ ढवळत होते.

गाडीत पुढं बसवेश, शिवरंजनी आणि योगी. मागच्या हौद्यात अव्वा, अप्पा, वैजनाथ आणि मी. मला गप्प बसवत नाही, म्हणून मी म्हणाले, "बटण साधं असतं तर फोटोत दिसलं नसतं. पितळी आहे ते बरंय. एक्सरेत दिसेल."

"ती बटणं माझ्या वडलाच्या कोटाची," अप्पा म्हणाले. "ते निजामाच्या राज्यात जमादार होते. भूकंपात जुनं घर बसलं, बाबा त्यातच गेले. ढिगाऱ्यातनं एक पेटी निघाली. पेटीत कोट होता, त्याला दोनच बटणं राहिली होती. कोट कसरीनं खाल्ला. ही म्हणली, बटणं तरी पणतवाच्या हातात पडू द्या."

मी अव्वांकडं बघितलं. त्या रस्त्याकडं बघत होत्या. कानडीत काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या गप्प होत्या.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होत्या, निकिता म्हणून. त्यांनी आधी योगीला तपासलं, छाती ऐकली, पोट दाबून बघितलं. तो त्यांच्या स्टेथोस्कोपशी खेळायला लागला होता. मग त्यांनी विचारलं, "बटण गिळताना कुणी पाहिलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"मग गिळलं असं का वाटतं?"

"निघालेलं बटण सापडत नाहीये."

"बाळानं ओढून काढलं?"

"नाही. मी काढलं."

"तुम्ही का काढलं?"

"बाळानं काढू नये म्हणून."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्ही काय करता?"

"शिकवते."

"काय शिकवता?"

आणि काय सांगू, माझ्या तोंडातून निघून गेलं, "भूगोल."

वैजनाथनं भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं तोंड फिरवलं. तेवढ्यात कापूस घेऊन आलेल्या नर्सबाई थबकल्या. त्यांच्या बिल्ल्यावर ज्ञानेश्वरी असं नाव होतं. त्या आनंदानं म्हणाल्या, "मॅडम, तुमी लोहाऱ्याला आल्त्या ना? खेळण्यांवर बोलायला? नळी घेऊन?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाही कळलं नाही.

एक्सरे काढला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. शिवरंजनीचा श्वास मला ऐकू येत होता. त्या वेळी मला नळी आठवली नाही, भाषण आठवलं नाही. फक्त एवढंच डोक्यात होतं, की हे लेकरू सकाळी अगदी धडधाकट होतं, आणि गावातल्या सगळ्या धोकादायक खेळण्यांनी मिळून त्याला काही केलं नव्हतं. केलं ते मी.

डॉक्टर बाहेर आल्या. "काही नाही. गळा साफ, छाती साफ, पोट साफ. बाळानं काहीही गिळलेलं नाही."

शिवरंजनी रडायला लागली. अप्पांनी हात जोडले. मला तर इतकं हलकं वाटलं की मी उठून योगीला घ्यायला हात पुढं केले. "द्या, द्या माझ्याकडं. माझं सोनं ते." मी त्याला घेऊन मांडीवर बसवलं. तो पदराशी झोंबायला लागला, खांद्यावरची पिन टोचेल म्हणून मी ती काढली. बारक्या पोराजवळ उघडी पिन नको, हेही भाषणात आहेच.

पिन काढली तशा पदराच्या निऱ्या सुटल्या. निऱ्यांतून काहीतरी घसरलं आणि माझ्या मांडीवर पडलं. गोल, चकचकीत.

आम्ही सगळ्यांनी ते एकदमच पाहिलं. पण योगी सगळ्यांच्या आधी होता. त्यानं ते उचललं, माझ्याकडं बघून हसला, तोंडात टाकलं आणि गिळलं.

मी काढलेली पिन हातात धरून बसले होते.

"आता पाहिलं ना सगळ्यांनी?" डॉक्टर निकिता म्हणाल्या. त्यांनी लगेच त्याला घेतलं, परत तपासलं, परत फोटो काढला. या वेळी फोटोत पोटाच्या जागी पुनवेचा चंद्र उगवला होता. तो त्यांनी आम्हाला दाखवला. "नशीब, अन्ननलिकेत अडकलेलं नाही. पोटात उतरलंय, गुळगुळीत आहे, धारदार नाही. बहुतेक आपोआप शीतून पडेल. उलटी झाली, पोट फुगलं, ताप आला, खाणं बंद केलं, तर लगेच घेऊन या. आणि पडलं की नाही हे मात्र कळायला हवं. प्रत्येक वेळची शी तपासायची."

"कुणी?" वैजनाथनं विचारलं.

मी वर्गातल्या पोरीसारखा हात वर केला.

असं माझं सास्तूरला राहणं झालं. वैजनाथ त्या दिवशीच परत गेले. जाताना म्हणाले, "कॉलेजात रजा सांगतो. कारण काय सांगू?"

"घरगुती अडचण म्हणा."

"अडचण तूच आहेस. पण बरं, घरगुती म्हणतो."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. हातमोजे घालून, जुनी गाळणी घेऊन, मी न्हाणीघरामागं बसायची. मुलाचं शी-शू म्हणजे बालविकासाचा महत्त्वाचा भाग असतो हे मी वर्षानुवर्षं शिकवलंय. इतका जवळचा अभ्यास कधी केला नव्हता. योगी मात्र मजेत होता. केळं खायचा, हुग्गी चाटायचा आणि मला बघितलं की टाळ्या वाजवायचा.

गावाला माझी फार काळजी. सकाळी अंगणात आले की कुंपणावरून कडूबाईंचा पहिला सवाल, "आला का डोळा?" दूध घालणारा, "आला का डोळा?" दुकानात बसवेशकडं सोयाबीनचं बी न्यायला आलेला माणूस आधी डोळ्याचं विचारायचा आणि मग बियाण्याचं. रामकिसनकाका तर विचारायला खास यायचे आणि नाही म्हटलं की लांबलचक उसासा टाकून चहा पिऊन जायचे.

एक डोळ्याचा नंदी फळीवर ठेवला होता. जेवायला बसले की तो नेमका माझ्यासमोर यायचा. अव्वा माझं ताट वाढायच्या, भाकरी ऊन असायची, वाटीत तूप असायचं, पण शब्द नसायचा.

एकदा मागच्या दारी शिवरंजनीनं मला गाठलं. "अक्का, तुला एक सांगू? इथं सगळे चांगलेच हाईत. पण अव्वांचं आणि माझं सूत जुळायला वर्ष गेलं. डोहाळजेवणाला पहिल्यांदा त्या माझ्याशी हसून बोलल्या. नंदी शिवायला बसल्या की मला सुई ओवायला हाक मारायच्या. आता चार दिस झालं, त्या स्वतःच सुई ओवतात." ती डोळे पुसत होती. "तू उद्या जाशील धाराशिवला. मला इथंच ऱ्हायचंय."

मला काही बोलता आलं नाही. हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं.

मी अव्वांची माफी मागायला गेले. म्हणाले, "अव्वा, माझं चुकलं. शंभर टक्के चुकलं. आता तत्त्व म्हणून बघितलं तर बटणाचा डोळा तीन वर्षांच्या आतल्या मुलाला..." अव्वा उठल्या आणि गोठ्यात गेल्या. दुसऱ्यांदा गेले, म्हणाले, "अव्वा, आपला हेतू चांगला होता, माझाही हेतू..." त्या परत उठल्या. माफी मागतानासुद्धा माझ्या तोंडातून भाषणच निघत होतं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या ओसरीवर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी दुसरं सूप माझ्याकडं सरकवलं. मी खडे वेचायला लागले. ज्वारी मला पाखडता येत नाही, निम्मी अंगणात गेली. कोंबड्यांनी खाल्ली.

मग एकदम त्या म्हणाल्या, "दोरा कच्चा नव्हता."

"नव्हता, अव्वा."

"दाभणानं शिवलावता. दुहेरी दोरा, वरनं मेण."

"हो. हातानं निघाला नाही. दातानं तोडावा लागला."

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "भोंग्यावर."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी पदर काढला, आणि बघते तर त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "अय्यो," त्या म्हणाल्या, "कुत्र्यानं हाडूक धरावं तसं धरलंवतं नंदीला. चार दिस झालं, हसू दाबून दाबून माझं पोट दुखाया लागलं. पण हसलं तर तुमाला वाटल, मिटलं म्हणून."

"मिटलं नाही का?"

"लेकराच्या पोटातनं ते येऊ द्या. मग बघू."

आतून शिवरंजनीची हाक आली. "अक्का, ये लवकर. गाळणी आण."

आम्ही दोघी धावलो. मी तपासलं. तपासायची फारशी गरजच नव्हती. लखलखीत होतं.

मी ते साबणानं धुतलं, गरम पाण्यात उकळलं, परत धुतलं आणि ताटलीत घालून अप्पांसमोर ठेवलं. अप्पांनी चष्मा लावला, उलटसुलट बघितलं. "बाबा या बटणासंगं गुलबर्ग्यापासून बीदरपर्यंत हिंडले," ते म्हणाले. "पण हा रस्ता त्यानं पहिल्यांदाच बघितला." बसवेश हसून हसून उंबऱ्यावर बसला. कुंपणावर कडूबाई होत्याच. त्यांनी पुढच्या गल्लीला कळवलं. भोंग्याची गरज पडली नाही.

संध्याकाळी अव्वांनी नंदी फळीवरून काढला. दुसरा डोळाही उसवला आणि दोन्ही बटणं कुंकवाच्या डबीत ठेवली. मग शिवरंजनीला हाक मारली, "पोरी, सुई ओवून दे." शिवरंजनी दिवा लावायचा सोडून आली. अव्वांनी काळ्या-पांढऱ्या दोऱ्यानं कापडावरच डोळे भरले. एक जरा वर आणि एक जरा खाली झाला, त्यामुळं नंदी तेव्हापासून थोडा तिरळा बघतो. दोरा तोडून त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "ओढा."

"नको, अव्वा."

"ओढून बघा की. दातानं बघा पाहिजे तर."

मी हात जोडले. सगळं घर हसत होतं. खाली मान घालून मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं धाराशिवला आले.

नंतर एका बचत गटानं भाषणाला बोलावलं होतं, गेले नाही. घसा बसलाय म्हणाले. वैजनाथ म्हणाले, "पहिल्यांदाच." बरेच दिवस मी सास्तूरला फोन केला की फक्त शिवरंजनीशी बोलायची आणि अव्वांना नमस्कार सांग म्हणायची.

मग योगीचं जावळ ठरलं, आणि फोन अव्वांचाच आला. "महानंदाताई, या. तुमी मावशी हाईत, तुमच्याबिगर कसं व्हायचं? पण एक ऐका. खेळणं आणू नका. हातात काईच आणू नका. नुसत्या या."

मी नुसती गेले. पर्ससुद्धा घरी ठेवली. मांडवात पाय ठेवला तर बायका, लेकरं, गलका. कुणाच्या हातात मोटार, कुणाच्या हातात चेंडू, कुणाच्या तोंडात भिंगरी. माझ्यावर नजर पडली आणि गलका हळूहळू थांबला. प्रत्येक बाईनं आपापल्या लेकराच्या हातातलं खेळणं काढून घेतलं आणि पदराखाली लपवलं. लेकरं एकदम रडायला लागली.

मी लिंबाच्या झाडाकडं बघत उभी राहिले. मला काही दिसलंच नाही असं दाखवायचं होतं. शेजारी कडूबाई नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या, पदर छातीशी घट्ट धरून. त्यांच्या पदराखालून काहीतरी वाजायला लागलं, बारीक आवाजात, लग्नाच्या बँडसारखं.

"बऱ्या हाय का, कडूबाई?" मी विचारलं.

"बरी हाय की," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडं न बघता, पदर आणखी घट्ट धरून, तशाच वाजत वाजत आत गेल्या.